हार्मोनिका मायक्रोफोनची निवड

हार्मोनिका मायक्रोफोन : हार्मोनिकाचा म्हणजेच माउथ ऑर्गनचा आवाज ॲम्प्लिफायरपर्यंत किंवा ध्वनिमुद्रणापर्यंत पोहोचवणारा, बहुधा वाद्यासोबत मुठीत धरून वापरला जाणारा मायक्रोफोन. गायकाच्या माइकने आवाज आहे तसा पुढे न्यावा एवढीच अपेक्षा असते. हार्मोनिकावादकांपैकी अनेकांना मात्र माइकने आवाज बदलायला हवा असतो: तो जाड व्हावा, त्याला खरखरीत धार यावी. अशा वादनात माइक हा वाद्याचाच भाग ठरतो. त्यामुळे कोणता माइक चांगला हे विचारण्याआधी आपल्याला कोणता आवाज ऐकायचा आहे, हे वादकाने स्वतःशी पक्के करावे.

ही पद्धत रूढ झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या शिकागोत. इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्सपुढे तळहातात मावणाऱ्या या वाद्याचा निभाव लागेना, तेव्हा ब्लूज या आफ्रिकन-अमेरिकन संगीतप्रकारातील वादकांनी घोषणांसाठी आणि हौशी रेडिओसाठी बनवलेले साधे माइक हाती घेतले. ॲस्टॅटिक कंपनीचा जेटी-३० आणि १९४९ मध्ये बाजारात आलेला शुअरचा ५२०, म्हणजेच ‘ग्रीन बुलेट’, हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. बोललेले शब्द नीट कळावेत एवढ्यासाठीच ते घडवले होते. पण हार्मोनिकासह ओंजळीत घट्ट धरून व्हॉल्व्हच्या (निर्वात नळीच्या) ॲम्पला जोडल्यावर त्यांतून जो आवाज निघाला, तो सॅक्सोफोनच्या जवळ जाणारा होता. लिटल वॉल्टर (१९३०–१९६८) या हार्मोनिकावादकाने या आवाजाची स्वतंत्र भाषा घडवली. त्याची १९५२ ची ‘ज्यूक’ ही वाद्यरचना अमेरिकेतील रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली आणि पुढच्या पिढ्यांच्या कानांत तो आवाज कायमचा बसला.

बुलेट माइकचा आवाज असा का येतो, हे समजून घेतले की निवड सोपी होते. सी पट्टीच्या दहा छिद्रांच्या हार्मोनिकाचे मूळ स्वर साधारण २६२ ते २,०९३ हर्ट्झ या टप्प्यात असतात. मात्र धातूच्या मुक्त रीड्समधून, म्हणजे श्वासाने कंप पावणाऱ्या पातळ पट्ट्यांमधून, उपस्वरही विपुल निघतात आणि ते याच्या कितीतरी वर पोहोचतात. वाद्याचा तीक्ष्णपणा या वरच्या उपस्वरांत असतो. आजच्या ५२०डीएक्स या बुलेटची नोंदवलेली मर्यादा १०० ते ५,००० हर्ट्झ आहे, तर एसएम५८ या गायनाच्या माइकची ५० ते १५,००० हर्ट्झ. म्हणजे बुलेटमध्ये वरचा भाग छाटला जातो आणि मधला भाग उठून दिसतो. कागदावर जी उणीव दिसते, तीच ब्लूज वादकाला हवी असते.

माइकचा स्वभाव ठरतो तो आतल्या एलिमेंटवरून, म्हणजे ध्वनीचे विद्युतसंकेतात रूपांतर करणाऱ्या भागावरून. बाहेरचे कवच तेच असले तरी आत वेगवेगळे एलिमेंट सापडतात, म्हणून केवळ रूप पाहून जुना माइक घेऊ नये. जेटी-३० मधील क्रिस्टल एलिमेंट रोशेल लवणाच्या स्फटिकाचे असते. दाब पडला की स्फटिकात विद्युतदाब निर्माण होतो, हा गुण जाक आणि पिएर क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिला होता. क्रिस्टलचा आवाज धारदार आणि चावरा. चांगल्या अवस्थेतला असेल तर त्याची सर दुसऱ्याला येत नाही. पण रोशेल लवण दमटपणाने खराब होते आणि सुमारे ५५ अंश सेल्सिअसला कायमचे निकामी होते. उन्हात बंद गाडीत राहिलेला क्रिस्टल माइक परत बोलेलच याची खात्री नाही, आणि हार्मोनिकावादकाचा दमट श्वास तर त्यावर रोजच पडत असतो. सिरॅमिक एलिमेंट याच तत्त्वावर चालते, अधिक टिकाऊ असते, पण आवाजात थोडे कोरडे वाटते. शुअरच्या जुन्या बुलेटमधील ‘कंट्रोल्ड मॅग्नेटिक’ आणि ‘कंट्रोल्ड रिलक्टन्स’ जातीची एलिमेंट चुंबकीय आहेत. त्यांचा आवाज गडद, भरदार असतो आणि कडांना किंचित फुटतो. शिकागो वळणाचा जाड आवाज हवा असेल, तर माझ्या मते ही एलिमेंट क्रिस्टलपेक्षा अधिक भरवशाची.

डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला जोडलेली तारेची गुंडाळी चुंबकीय क्षेत्रात हलते. शुअरचे ५४५, एसएम५७ आणि एसएम५८ याच जातीचे. नवशिक्याने सुरुवात येथूनच करावी. हे माइक दणकट असतात, सहज मिळतात आणि दोन्ही प्रकारच्या आवाजाला पुरे पडतात: थोडे दूर धरले तर स्वच्छ, मुठीत घट्ट धरले तर चांगलेच जाड. कंडेन्सर माइक मात्र मुठीत धरण्याचा नव्हे. स्टुडिओत, काही अंतरावर, वाद्याचा मूळ नाद टिपायला तो उत्तम.

मूठ ही निवडीतली सर्वांत दुर्लक्षित बाजू आहे. हार्मोनिका आणि माइक यांभोवती हातांनी हवाबंद पोकळी तयार झाली की आत ध्वनिदाब खूप वाढतो, वरचे स्वर दबतात, मधले फुगतात आणि एलिमेंट स्वतःच आवाज थोडा विकृत करू लागते, म्हणजे त्याला खरखर येते. फट राहिली की हा परिणाम झपाट्याने ओसरतो. म्हणून आपल्या हातात नीट न बसणारा नामांकित माइक हा हातात चपखल बसणाऱ्या साध्या माइकपेक्षा बारीकच वाजतो. बुलेटचे तोंड रुंद असते. लहान पंजाच्या वादकाला त्याभोवती मूठ मिटवणे जड जाते, आणि त्याला ५४५सारखा सडपातळ माइक अधिक लाभतो. एकदिशी, म्हणजे मुख्यतः समोरचाच आवाज टिपणारा, माइक मुठीत धरल्यावर त्याची मागची छिद्रे झाकली जातात, त्यामुळे तो सर्व दिशांचे ऐकू लागतो आणि फीडबॅकची शिट्टी लवकर येते. माइकवरच आवाजाची कळ असेल तर अशा वेळी बोटाने तो चटकन उतरवता येतो. ही सोय वाटते त्यापेक्षा मोलाची आहे.

माइक एकटा काही करत नाही, त्याला पुढचा ॲम्प जुळावा लागतो. क्रिस्टल एलिमेंट विद्युतदृष्ट्या कपॅसिटरसारखे वागते. पुढच्या ॲम्पचा इनपुट इम्पिडन्स, म्हणजे येणाऱ्या विद्युतसंकेताला होणारा अडथळा, कमी असेल तर खालचे स्वर गळून आवाज किरटा होतो. त्याला किमान १ मेगाओम लागतो, ५ मेगाओम मिळाला तर खालची बाजू खुलते. डायनॅमिक माइक बहुधा काही शे ओमचे असतात. ते व्हॉल्व्हच्या ॲम्पला जोडताना ॲम्पच्या टोकाशी छोटा ट्रान्सफॉर्मर लावावा, नाहीतर जोर कमी पडतो. फेंडरचा १९५९ च्या घडणीचा बासमन ॲम्प हार्मोनिकावादकांत आजही आदर्श मानला जातो. गिटारसाठी बनवलेल्या ॲम्पमध्ये पहिला १२एएक्स७ व्हॉल्व्ह काढून कमी वर्धनाचा १२एवाय७ किंवा १२एयू७ बसवला, तर शिट्टीपूर्वी बराच अधिक आवाज मिळतो. उलट, बुलेट थेट सभागृहाच्या स्वच्छ ध्वनियंत्रणेला जोडून जुन्या शिकागोच्या नादाची अपेक्षा केली, तर हाती बहुधा बसका, निर्जीव आवाज येतो.

दोन किंवा अधिक स्वर एकदम वाजवले की विकृतीचा आणखी एक परिणाम दिसतो. आवाज विकृत करणाऱ्या माइक-ॲम्पच्या साखळीत दोन स्वरांच्या फरकाइतक्या कंपनसंख्येचा तिसरा स्वर उमटतो. शुद्ध गुणोत्तरांत लावलेल्या हार्मोनिकावर तो खाली नीट बसतो आणि तीन-चार रीड्समधून अख्ख्या ब्रास विभागाचा भास होतो. सप्तकाचे बारा समान भाग करून सूर लावलेल्या हार्मोनिकावर तोच स्वर थोडा बाजूला पडतो आणि ठोके जाणवतात. ज्याला भरगच्च स्वरसंघ आवडतात, त्याने माइकइतकाच विचार हार्मोनिकाचे सूर कसे लावले आहेत याचाही करावा. द्रुत, सुरेल, एकेक स्वर मोकळा उमटवणाऱ्या वादनाला मात्र ही विकृती मारक ठरते. स्वर एकमेकांत मिसळून जातात. क्रोमॅटिक हार्मोनिकाचे थोर वादक तूत्स तिलेमान्स (१९२२–२०१६) यांचा नाद स्वच्छ आणि ओलावा असलेला आहे. त्या वाटेने जाणाऱ्याने सरळ गायनाचा चांगला माइक घ्यावा. हातांनी ‘वाह-वाह’ करायचे असेल तर माइक स्टँडवर काही इंचांवर ठेवावा, म्हणजे ओंजळ उघडमीट करायला मोकळी राहते.

विकत घेण्यापूर्वी आपली हार्मोनिका आणि शक्य तर आपलाच ॲम्प घेऊन माइक वाजवून पाहावा. घट्ट मुठीत दुसऱ्या छिद्रावर लांब ओढीचा (श्वास आत घेऊन वाजवलेला) स्वर धरून तो किती भरतो ते पाहावे, मग आठ ते दहा छिद्रांवर जाऊन वरचे स्वर कानाला टोचतात का हे तपासावे. शेवटी सावकाश आवाज चढवत न्यावा आणि शिट्टी कुठे सुरू होते ते ऐकावे. हे सगळे एकाच ठिकाणी बसून, दोन-तीन माइक पाठोपाठ बदलून करावे, कारण कान कोणत्याही नव्या आवाजाला काही मिनिटांतच सरावतो.