अंजदीवचं पांढरं निशाण: सैनिकाचा गुन्हा कुणी तपासायचा?

१९६१ च्या डिसेंबरात गोव्यात भारत आणि पोर्तुगाल यांच्यात ३६ तासांची लढाई झाली. तिच्यापायी सगळ्यांत कडक शिक्षा झाली ती शरण आलेल्या पोर्तुगीजांना, आणि ती दिली त्यांच्याच सरकारने. अंजदीव बेटावर पांढरं निशाण दाखवून गोळ्या झाडल्याचा आरोप ज्यांच्यावर आला, ते मात्र युद्धकैदी म्हणून पाच महिने राहून घरी गेले. दर १९ डिसेंबरला संचलन होतं, भाषणं होतात, पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकावर फुलं वाहिली जातात. हा विषय त्या दिवशी निघत नाही, आणि काढला तर बरंही दिसणार नाही. पण युद्धात सैनिक चुकला तर त्याचा निवाडा कुणी करायचा, ही चर्चा अधूनमधून होतेच. गोव्याकडून तिच्याकडे बघितलं तर धागा बराच मागे जातो.

मागे म्हणजे थेट १५१० पर्यंत. त्या पावसाळ्यात आदिलशाही फौजेने गोवा शहर पोर्तुगीजांकडून परत घेतलं आणि पोर्तुगीज आरमार मांडवीच्या मुखाशी अडकून पडलं. जहाजावर काही मुसलमान स्त्रिया बंदी होत्या. त्यांच्याकडे रात्री चोरून जाणाऱ्या एका खानदानी पोर्तुगीज सैनिकाला त्याच्याच सेनापतीने फासावर चढवलं, कारण हुकूम मोडला. त्याच वर्षी नोव्हेंबरात शहर पुन्हा हाती आल्यावर तिथल्या मुसलमानांची दिवसेंदिवस कत्तल चालली. सेनापतीने ती हकीकत स्वतःच राजाला लिहून कळवली. शिक्षेचा प्रश्न आला नाही, हुकूमच तसा होता. मग १५१२. बाणस्तारीच्या किल्ल्याला वेढा पडला आणि आतला आदिलशाही सरदार बोलणीला आला. शत्रूला जाऊन मिळालेले पोर्तुगीज सैनिक परत द्यायचे आणि त्यांचा जीव घ्यायचा नाही, असं ठरलं. जीव घेतला नाही. नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा कापला. फोंड्याला जाताना आपण बाणस्तारीचा पूल ओलांडतो तेव्हा हे कुणाच्या मनात येत नाही. पण सैनिकाच्या शिक्षेचं गोव्यातलं हे पहिलं मोठं उदाहरण म्हणावं लागेल, आणि तिथे अपराध धरला गेला तो फौजेविरुद्धचा.

मधली चार शतकं सोडून देतो. पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, शेवटच्या पंधरा वर्षांत 'लष्करी न्यायालय' या शब्दाचा अर्थच इथे उलटा झाला. हे न्यायालय असतं सैनिकांसाठी. गोव्यात त्याच्यापुढे उभे राहिले शिक्षक, वकील आणि विद्यार्थी. १८ जून १९४६ च्या मडगावच्या सभेनंतर ज्यांना पकडलं, त्यांत इथल्या राष्ट्रीय चळवळीचा जनक मानला जाणारा नेताही होता. कोर्टमार्शल होऊन त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली आणि पोर्तुगालातल्या पेनिशच्या किल्ल्यात रवानगी झाली. पुढे एका मराठी शिक्षकाला २६ वर्षांची शिक्षा झाली. तो लिस्बनजवळच्या तुरुंगातून सुटला १९६९ साली, म्हणजे गोवा मुक्त होऊन सात वर्षं उलटल्यावर. जुन्या माणसांना कोर्टमार्शल म्हटलं की अजून अग्वादचा तुरुंग आठवतो, सैनिक आठवत नाही.

उलट बाजूला, १९५५ च्या फेब्रुवारीत अस्नोड्याचा एक तरुण पोलिसांच्या कोठडीत छळ होऊन मेला आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला सीमेवर नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. कायद्याच्या भाषेत ते युद्ध नव्हतं, म्हणून युद्धाचे नियम लागू नव्हते. छळासाठी कुप्रसिद्ध झालेल्या एका पोलिसी हस्तकाला लिस्बनच्या लष्करी न्यायालयाने १९८१ साली तो हजर नसताना दोषी ठरवलं खरं. पण ते एका पोर्तुगीज जनरलच्या खुनासाठी.

आता अंजदीव. हे बेट कागदोपत्री गोव्याचं, पण कारवारच्या किनाऱ्यासमोर. पूर्वी ब्रोतासच्या सायबिणीच्या फेस्ताला लोक होड्यांनी तिथे जात. आता तिथे नौदलाचा तळ आहे. १९६१ च्या नोव्हेंबरात ह्याच बेटावरून 'साबरमती' ह्या प्रवासी बोटीवर गोळीबार झाला आणि त्याच महिन्यात कारवारकडचा एक मच्छीमार गोळी लागून मेला. पुढची लढाई पेटायला जी कारणं दिली गेली त्यांत हे वरचं कारण होतं. साहजिकच १८ डिसेंबरला सकाळी 'त्रिशूल' युद्धनौकेवरचे नौसैनिक होड्यांतून बेटावर उतरायला निघाले आणि 'म्हैसूर' ह्या क्रूझरच्या तोफा त्यांच्या पाठीशी राहिल्या.

भारतीय बाजूची हकीकत अशी: तोफांचा मारा झाल्यावर बेटावर पांढरं निशाण दिसलं. शरणागती समजून माणसं किनाऱ्याला लागली आणि वरून मशीनगन सुरू झाल्या. सात नौसैनिक गेले. बेट पूर्ण हाती यायला दुसरी दुपार उजाडली आणि त्यासाठी पुन्हा तोफा चालवाव्या लागल्या. सात हा आकडा लहान वाटेल. पण त्या सगळ्या मोहिमेत भारताचे २२ च्या आसपास जवान पडले. त्यातले सात ह्या एका खडकावर.

आपल्याकडे ह्या प्रसंगाला सरळ 'दगा' म्हणतात, आणि शब्द तिथेच थांबतो. पण न्यायालयात उभं राहायचं तर 'दगा' पुरत नाही. पांढरं निशाण म्हणजे मुळात शरणागती नव्हे. जुन्या युद्धनियमांत त्याचा अर्थ एवढाच, की आम्हाला बोलायचं आहे. व्यवहारात ते शरणागतीचंही चिन्ह झालं, आणि समोरून येणारा सैनिक दोन्ही अर्थ एकच धरतो. १९०७ च्या हेग नियमांच्या २३ व्या कलमात ह्या निशाणाचा गैरवापर स्पष्ट मना आहे. म्हणजे नियम होता. पण गैरवापर सिद्ध करायला हेतू सिद्ध करावा लागतो. तटबंदीच्या एका टोकाला घाबरलेल्या शिपायाने चादर हलवली आणि दुसऱ्या टोकाच्या मशीनगनवाल्याला ती दिसलीच नाही, तर तो गुन्हा की गोंधळ? निशाण अधिकाऱ्याच्या हुकमाने वर गेलं आणि गोळीबारही त्याच्याच हुकमाने झाला, असं असेल तर तो निर्विवाद गुन्हा. ह्या दोन्हींच्या मधे कितीतरी शक्यता आहेत. त्या उलगडायला साक्षी लागतात, उलटतपासणी लागते. दुसऱ्या बाजूचं म्हणणं ऐकायला न्यायालय बसलंच नाही, त्यामुळे जी हकीकत राहिली ती एकाच बाजूची.

खटला भरता आला असता का? इथे खरी गुंतागुंत आहे. जिनिव्हाचे १९४९ चे चार करार भारताने १९५० साली मान्य केले होते, पोर्तुगालने १९६१ च्या मार्चमध्ये, म्हणजे लढाईच्या जेमतेम नऊ महिने आधी. त्या करारांसाठी भारताने १९६० साली वेगळा कायदाही केला. कराराचं गंभीर उल्लंघन करून संरक्षित व्यक्तीला जाणूनबुजून ठार मारलं तर फाशी किंवा जन्मठेप, इतर गंभीर उल्लंघनांना चौदा वर्षांपर्यंत कैद. कायदा नवा कोरा होता आणि दोन वर्षं उलटायच्या आत वापरायची वेळ आली होती. पण 'संरक्षित' म्हणजे जखमी, कैदी, शत्रूच्या हातात सापडलेला नागरिक. बंदूक घेऊन किनाऱ्यावर उतरणारा नौसैनिक त्या व्याख्येत बसत नाही. गंभीर उल्लंघनांच्या यादीतही निशाणाचा गैरवापर नव्हता. तेव्हा १९६० चा कायदा अंजदीवला लागला नसता. राहिला युद्धाचा रूढ कायदा आणि त्याखाली चालवायचा लष्करी खटला. तिसऱ्या जिनिव्हा करारात त्याला जागा होती. लढाई संपल्यावर कैदी विनाविलंब परत करायचे, पण ज्याच्यावर फौजदारी खटला चालू आहे त्याला निकालापर्यंत ठेवून घेता येतं. हा मार्ग कुणी धरला नाही. माझ्या मते ती चूक होती. सूड म्हणून नव्हे. खटल्यात कदाचित कुणी निर्दोषही सुटला असता, पण काय झालं ते तरी कागदावर आलं असतं. दिल्लीची अडचणही खरी होती. पाश्चात्त्य देशांची टीका चालू असताना हरलेल्या फौजेवर खटले भरणं म्हणजे आणखी बोल लावून घेणं.

कैदी होते साडेचार हजारांहून जास्त. परतीच्या व्यवस्थेवरून दोन्ही सरकारांची ओढाताण झाली आणि मोझांबिकमध्ये पोर्तुगीजांनी अडकवलेल्या भारतीयांचा प्रश्नही त्यात गुंतला. मे १९६२ मध्ये कैदी विमानांनी कराचीला आणि तिथून बोटींनी लिस्बनला गेले. छावण्यांतला एक प्रसंग इथे सांगायला हवा, कारण तो दुसऱ्या बाजूचा आहे. एका पोर्तुगीज कॅप्टनने छावणीतल्या भारतीय अधिकाऱ्याला उलट उत्तर दिलं म्हणून चार जवानांनी त्याला बंदुकीच्या दस्त्यांनी मारलं आणि पुढे त्या भारतीय अधिकाऱ्याला भारतीय लष्कराने शिक्षा केली, असं पोर्तुगीज बाजूच्या कथनात आहे. ते जसंच्या तसं खरं असेल, तर गोव्याच्या लढाईत जिनिव्हा करार मोडल्याबद्दल कुणाला शिक्षा झाल्याचं हे दुर्मिळ उदाहरण. ते आपल्याला सांगतो कोण, तर मार खाणारा. आपल्याकडच्या मुक्तिलढ्याच्या गोष्टींत ते सापडत नाही, वास्तविक आपण अभिमानाने सांगावं असं आहे.

जवानावर खटला कुठे चालवायचा ह्याचं उत्तर १९५० च्या लष्कर कायद्यात आहे. खून, सदोष मनुष्यवध, बलात्कार हे गुन्हे नागरिकाविरुद्ध घडले तर ते एरवी कोर्टमार्शलपुढे चालत नाहीत, नेहमीच्या फौजदारी न्यायालयात जातात. अपवाद तीन: जवान प्रत्यक्ष युद्धसेवेवर असेल, भारताबाहेर असेल, किंवा सरकारने ठरवून दिलेल्या सीमाचौकीवर असेल. युद्धसेवेची एक व्याख्या आहे 'परक्या देशाचा लष्करी ताबा' असलेल्या फौजेत असणं. आता १९६२ च्या जानेवारीतली पणजी बघा. कारभार लष्करी गव्हर्नरच्या हातात. पण गोवा परका देश, हे भारत कसं म्हणणार? लढा तर तो आपलाच म्हणून दिला. मार्चमध्ये बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण, दीव संघराज्यात आले, तेही २० डिसेंबर १९६१ पासून असं मागच्या तारखेने.

ह्याच 'ताबा' शब्दावर १९६९ साली सर्वोच्च न्यायालयात निकाल झाला. भारतीय नागरिकत्व नाकारून पोर्तुगीज राहिलेल्या एका गोमंतकीय पाद्रीवर परवान्याशिवाय राहिल्याचा खटला होता. त्याचं म्हणणं, गोवा हा ताब्यातला प्रदेश आहे आणि मला जिनिव्हा कराराचं संरक्षण आहे. न्यायालय म्हणालं, लष्करी ताबा तात्पुरता असतो. प्रदेश देशात सामील झाला की तो संपतो आणि त्याबरोबर ते संरक्षणही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: १९६० चा कायदा सरकारवर जबाबदारी टाकतो, सामान्य माणसाला त्यावरून न्यायालयात दाद मागायचा हक्क देत नाही. कायद्यातच लिहिलं आहे, की त्याखालच्या गुन्ह्याची दखल सरकारने किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने तक्रार केली तरच घ्यायची. ज्याचा सैनिक त्याचीच तक्रार.

१९७१ नंतर हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं. पाकिस्तानच्या १९५ युद्धकैद्यांवर खटले भरायचं बांगलादेशने ठरवलं, त्यासाठी १९७३ साली कायदाही केला. पाकिस्तान हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं, मग दावा मागे घेतला. एप्रिल १९७४ मध्ये दिल्लीत तीन देशांचा करार झाला आणि १९५ जण खटल्याविना घरी गेले. त्या कायद्याखाली खटले सुरू झाले ते २०१० नंतर, आणि ते स्थानिक साथीदारांवर. आपल्याकडे २०१२ साली, काश्मीरमधल्या २००० सालच्या एका प्रकरणात, कोर्टमार्शल की फौजदारी न्यायालय ही निवड आधी लष्कराने करावी असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. लष्कराने प्रकरण आपल्याकडे घेतलं आणि २०१४ मध्ये पुरावा नाही म्हणून मिटवलं.

राहिली लिस्बनची शिक्षा. लढाईच्या चार दिवस आधी तिथल्या हुकूमशहाने गव्हर्नर जनरलला तार केली होती, की सैनिक आणि खलाशी एकतर जिंकतील नाहीतर मरतील, शरणागती नाही. हाताशी तीन-साडेतीन हजार सैनिक, विमानं नाहीत, रणगाडे नाहीत, एक जुनं लढाऊ जहाज. ते 'आफोंसो द आल्बुकेर्क' मुरगावच्या बंदरात लढलं आणि कप्तान जखमी झाल्यावर किनाऱ्याला लावलं गेलं. १९ तारखेला संध्याकाळी गव्हर्नर जनरलने वास्कोत शरणागतीवर सही केली. परतलेल्या बोटी लिस्बनला लागल्या तेव्हा धक्क्यावर लष्करी पोलीस उभे होते. मार्च १९६३ मध्ये गव्हर्नर जनरल आणि आणखी काही अधिकाऱ्यांना भित्रेपणाचा ठपका ठेवून सैन्यातून काढलं, आणखी काहींना सहा महिने निलंबित केलं. हा निर्णय मंत्रिमंडळाचा होता, कोर्टमार्शल बसलं नाही. खटला झाला असता तर ती तार पुराव्यात आली असती, आणि कुणाही लष्करी न्यायाधीशाने विचारलं असतं की हा हुकूम पाळण्याजोगा होता का.

एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनची राजवट उलथली आणि नव्या सरकारने त्यांना पुन्हा सैन्यात घेतलं. तोही सरकारी निर्णयच होता. त्या गव्हर्नर जनरलने १९८० साली गोव्याला भेट दिली.