कॅन्सर बरा झाल्यावर टॅबलेटवर काढलेलं चित्र नेमकं काय करतं?

किमो संपली, रिपोर्ट चांगले आले, केस पुन्हा उगवले, मूल शाळेत जायला लागलं, की प्रश्न मिटला असं घरातले सगळे धरून चालतात. त्याच मुलाला फॉलो-अपच्या आदल्या रात्री झोप लागत नाही. स्पिरिटचा वास आला की मळमळतं. पाठीतल्या इंजेक्शननंतर पडून राहताना दिसलेलं छत गणिताच्या तासाला अचानक डोळ्यांपुढे उभं राहतं. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाने टॅबलेट पुढे ठेवून ‘काढ बघू’ म्हटलं की पालक विचारतात, आधीच दिवसभर स्क्रीन, त्यात ही आणखी कशाला? प्रश्न रास्त आहे. ‘चित्र काढल्याने मन रमतं’ हे त्याचं पुरेसं उत्तर नाही.

लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर म्हणजे अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्यूकेमिया, रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार. त्याचे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, आणि आपल्याकडेही बरं होऊन मोठी झालेली मुलं आता पुष्कळ आहेत. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळं क्लिनिक १९९१ पासून चालू आहे. हृदय, हार्मोन्स, ऐकू येणं, वाढ हे सगळं अशा ठिकाणी वर्षानुवर्षं तपासलं जातं. मनाची तपासणीही तितकीच नेमाने व्हायला हवी.

आता मूळ मुद्दा. अॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये कार्यकारी स्मृतीचं एक प्रारूप मांडलं. आपण या क्षणी जे मनात धरून ठेवतो त्यासाठी मेंदूत दोन स्वतंत्र व्यवस्था असतात: एक शब्द-आवाजांसाठी, दुसरी दृश्य आणि जागेच्या जाणिवेसाठी. दुसरीला आपण पाटी म्हणू. ही पाटी लहान असते. छतावरचा दिवा, सलाईनची नळी, नर्सचा मास्क अशी नको असलेली दृश्यं मनात उमटतात ती याच पाटीवर. त्याच वेळी पाटी दुसऱ्या कशाने तरी भरलेली असेल, तर आठवणीतलं दृश्य पूर्ण रंगांत उमटायला जागा राहत नाही. ते फिकं पडतं, आणि त्याची धारही कमी होते.

पण हे त्या क्षणापुरतं झालं. परिणाम पुढेही का टिकतो? करीम नादर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लेडू यांनी २००० मध्ये उंदरांवर एक प्रयोग केला. विशिष्ट सूर ऐकू आला की शॉक बसतो, हे उंदरांना आधी शिकवलं होतं. नंतर तो सूर पुन्हा ऐकवला आणि लगेच मेंदूतल्या अमिग्डाला या भागात प्रथिननिर्मिती थांबवणारं औषध टोचलं. पुढच्या चाचणीत भीती बरीच ओसरलेली होती. सूर न ऐकवता तेच औषध दिलं, तर भीती जशीच्या तशी राहिली. म्हणजे जागी झालेली आठवण काही काळ कच्ची असते आणि तिला पुन्हा नव्याने साठवावं लागतं. त्या वेळात तिच्यात फरक पडू शकतो.

माणसांवर अर्थातच असं औषध टोचता येत नाही. एमिली होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधाऐवजी पाटी भरण्याची युक्ती वापरली. निरोगी स्वयंसेवकांना त्यांनी अपघात-मृत्यूची दृश्यं असलेली फिल्म दाखवली आणि नंतर टेट्रिस खेळायला दिला. या खेळात वरून पडणारे ठोकळे मनात फिरवून बसवावे लागतात, त्यामुळे पाटी पूर्ण भरते. पुढच्या आठवड्यात या लोकांना फिल्ममधली दृश्यं कमी वेळा आठवली. शब्दांची प्रश्नमंजुषा दिलेल्या गटाला मात्र तो फायदा झाला नाही. ‘दुसऱ्या विषयावर बोल’ म्हणून मुलाच्या डोळ्यांपुढचं चित्र का जात नाही, याचं कारण इथे दिसतं: बोलणं वेगळ्याच व्यवस्थेत चालतं. त्यांच्याच २०१५ च्या प्रयोगात खेळ चोवीस तासांनंतर दिला. त्यात नुसता खेळ पुरला नाही आणि नुसती आठवण जागी करणंही पुरलं नाही. आधी आठवण जागी करायची, थोडं थांबायचं, मग खेळायचं, याच क्रमाने परिणाम झाला.

जुन्या, खऱ्याखुऱ्या आघातांचं काय? २०१८ मध्ये जर्मनीत पीटीएसडीमुळे, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक त्रासामुळे, रुग्णालयात दाखल असलेल्या २० जणांवर हे करून पाहिलं गेलं. एक त्रासदायक आठवण कागदावर लिहायची, कागद फाडून टाकायचा आणि मग २५ मिनिटं टेट्रिस. ज्या आठवणींवर हे केलं त्या सरासरी ६४ टक्क्यांनी कमी वेळा आल्या. ज्यांना हात लावला नाही त्या फक्त ११ टक्क्यांनी. गट छोटा होता, तुलनेसाठी वेगळे रुग्ण नव्हते, आणि पुनर्साठवणीचं स्पष्टीकरण पूर्ण बरोबर आहे का यावर संशोधकांत वाद आहे. टेट्रिस म्हणजे चित्रकलाही नव्हे. तरीही खोलीचा कोन कागदावर आणणं, अंतरं जुळवणं, पुढचं-मागचं ठरवणं हे काम त्याच पाटीवर होतं, म्हणून हा धागा इथे लावणं योग्य आहे.

डिजिटल निर्मितीचा कॅन्सरग्रस्त तरुणांवरचा सर्वांत नेटका पुरावा संगीताच्या बाजूने आला आहे. अमेरिकेत शेरी रॉब यांच्या गटाने अस्थिमज्जा प्रत्यारोपण चालू असलेल्या ११ ते २४ वयाच्या ११३ जणांवर चाचणी केली आणि ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाने तीन आठवड्यांत सहा सत्रांमध्ये स्वतःचा म्युझिक व्हिडिओ तयार केला: शब्द, आवाज, चित्रं, सगळं स्वतःचं. दुसऱ्या गटाने ऑडिओबुक ऐकली. व्हिडिओ करणाऱ्यांची आजाराला धीराने तोंड देण्याची क्षमता अधिक दिसली, आणि प्रत्यारोपणानंतर १०० दिवसांनी मित्रांशी व घरच्यांशी नातंही अधिक बरं होतं.

मग कागद-रंग का नकोत? हवेत, पण टॅबलेटचे काही फायदे खरे आहेत. व्हिन्क्रिस्टिन या किमोतल्या औषधाने बोटांच्या टोकांची जाणीव आणि पकड कमी होते, आणि काहींमध्ये हे उपचारांनंतरही रेंगाळतं. पेन्सिल दाबता येत नाही, रेघ पुसट येते आणि मूल ‘मला जमत नाही’ म्हणून उठतं. दाब ओळखणाऱ्या पेनाच्या सेटिंगमध्ये दाबाची वक्ररेषा असते: किती दाबलं की रेघ किती जाड, हे ती ठरवते. तिची सुरुवात उंच केली की हलक्या स्पर्शातही पूर्ण जाड रेघ येते. हात थरथरत असेल तर रेघ स्थिर करणारं सेटिंग निम्म्यावर ठेवावं. त्याहून जास्त केलं की रेघ हाताच्या मागे रेंगाळते आणि ती आपली वाटत नाही. पेनावर फोमची नळी चढवावी. काचेवर खरखरीत मॅट फिल्म लावावी, कारण बधिर बोटांना गुळगुळीत काचेवर पेन सरकल्याचं कळतच नाही. क्रिटासारखं चित्रकलेचं मोफत सॉफ्टवेअर पुरतं, मात्र तीन ब्रश सोडून बाकी सगळं लपवावं. डोक्याला रेडिएशन मिळालेल्या मुलांचं लक्ष आणि विचारांचा वेग कमी झालेला असू शकतो. त्यांची पाटी मेनू शोधण्यातच भरते आणि हाती फक्त चिडचिड उरते.

एक तासाचं सत्र साधारण असं बसवता येतं. सुरुवातीला त्रास किती, ते शून्य ते दहा अंकांत विचारायचं. मग पाच मिनिटांत एकच दृश्य आठवायचं, आजाराची सगळी कहाणी नव्हे. दहा मिनिटं साधं काम: कॅनव्हास निवडणं, रंग ठरवणं. मग २५ मिनिटं तेच दृश्य दुसऱ्या जागेवरून काढायचं, छतावरून खाली पाहिल्यासारखं किंवा दारातून. खोली एका लेयरवर (चित्राच्या पारदर्शक थरावर), यंत्रं दुसऱ्यावर, स्वतः तिसऱ्यावर. एखादा लेयर लपवून बघता येतो, आणि ते मूल स्वतः ठरवतं. उरलेल्या वेळात काय वाटलं त्याला नाव द्यायचं आणि पुन्हा अंक विचारायचा.

इथे बिघडतं ते बहुधा वेळेचं गणित. आठवण सांगण्यात चाळीस मिनिटं गेली तर चित्राला वेळ उरत नाही आणि मूल उघड्या जखमेसह घरी जातं. तयार चौकटीत रंग भरायला दिले तर पाटी भरतच नाही. काढलेलं मागे घेणारं ‘अनडू’चं बटण सतत दाबणारं मूल तासाभराने कोरा कॅनव्हास दाखवतं, म्हणून टॅबलेटचं स्क्रीन रेकॉर्डिंग चालू असावं, पुसलेलं काय होतं ते त्यात दिसतं आणि तेच बोलण्यासारखं असतं. नोटिफिकेशन बंद हवीत. चित्राच्या मधोमध लॅबचा मेसेज झळकला की सत्र संपलंच. क्लाउड सिंक बंद करावं, नाहीतर रुग्णालयाचं चित्र घरच्या फोटोंच्या अल्बममध्ये सगळ्यांना दिसतं. आणि टॅबलेट अल्कोहोल वाइपने पुसायचा असेल तर मूल येण्याच्या बऱ्याच आधी पुसावा. स्पिरिटच्या वासावर मळमळ बांधली गेलेली असते, हे विसरलं जातं.

काळा रंग वापरला म्हणजे नैराश्य, लाल म्हणजे राग, असं सांगणाऱ्यांपासून लांब राहा. एका रंगावरून निदान होत नाही. कित्येकदा काळा ब्रश आधीपासून निवडलेला असतो एवढंच. ‘चांगली चित्रं काढली की प्रतिकारशक्ती वाढते आणि गाठ परत येत नाही’ हा दावा याहून घातक आहे. पांढऱ्या पेशी कॅन्सर खातात अशी कल्पना करण्याचा प्रकार १९७० च्या दशकात कार्ल सायमन्टन यांनी लोकप्रिय केला. त्याने आयुष्य वाढतं याचा भक्कम पुरावा मिळालेला नाही. अशा बोलण्याचा भार मुलावर येतो: आजार उलटला तर आपणच नीट विचार केला नाही, असं त्याला वाटतं. दोन ओळी टाइप करून एआयकडून चित्र बनवून देणारी ‘थेरपी अॅप्स’ही विकली जातात. तिथे अंतरं आणि कोन जुळवण्याचं काम यंत्र करतं, म्हणजे वर सांगितलेल्या क्रियेतला महत्त्वाचा भागच गळतो.

तीन-चार सत्रांनंतरही अंक खाली येत नसेल, दोन आठवड्यांहून अधिक झोप उडाली असेल, मूल शाळा किंवा फॉलो-अप टाळत असेल, तर चित्र थांबवून मनोविकारतज्ज्ञाला (मानसिक आजारांच्या डॉक्टरला) दाखवावं. जगायचं नाही असं बोलणं आलं तर एक दिवसही थांबू नये. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.