हुकोऊ : चीनमधील कुटुंबनोंदणी व्यवस्था

हुकोऊ : चिनी नागरिकाचे कुटुंब कोणत्या गावचे वा शहरचे हे सरकारदरबारी कायम करणारी नोंदणी व्यवस्था. १९५८ पासून ती देशभर कायद्याने लागू आहे. नोंदी पोलीस खात्याकडे असतात आणि प्रत्येक कुटुंबाला तांबूस-तपकिरी वेष्टनाची एक छोटी पुस्तिका मिळते. घरातल्या प्रत्येकासाठी तिच्यात एक पान असते. जन्मदाखला, शिधापत्रिका आणि अधिवास प्रमाणपत्र एकाच वहीत बांधले आणि गावाची वेस ओलांडताच त्या वहीचा जोर संपला, तर जे होईल ते म्हणजे हुकोऊ. आज चीनमध्ये माणूस कुठेही जाऊन काम करू शकतो, खोली भाड्याने घेऊ शकतो. मुलांची सरकारी शाळा, महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा, आरोग्यविमा, निवृत्तिवेतन, अनुदानित घर यांवरचा त्याचा हक्क मात्र बव्हंशी नोंद जिथली तिथेच राहतो.

चीनविषयी बोलताना पक्ष, सैन्य आणि उंच इमारती यांच्यावरच चर्चा खिळून राहते. पण चीन जगाचा कारखाना कसा झाला आणि इतकी कमाई करूनही तिथली सामान्य माणसे खर्चाला हात आखडता का घेतात, या दोन्ही प्रश्नांच्या उत्तराचा मोठा भाग या पुस्तिकेत आहे.

घडण

घरटी माणसांची नोंद ठेवण्याची चिनी राज्यांची रीत दोन हजार वर्षांहून जुनी आहे. कर, सैन्यभरती आणि वेठ, तिन्हींसाठी ती लागे. हुनान प्रांतात लीये येथे छिन राजवटीतील अशा नोंदींच्या लाकडी पट्ट्या सापडल्या आहेत. आजची व्यवस्था मात्र साम्यवादी राजवटीच्या पहिल्या दशकात उभी राहिली. १९५४च्या राज्यघटनेच्या ९०व्या कलमाने नागरिकांना वास्तव्याचे आणि स्थलांतराचे स्वातंत्र्य दिले होते. त्याच सुमारास सरकारने सोव्हिएत धर्तीवर पोलाद आणि अवजड यंत्रांचे कारखाने काढायला घेतले. त्याला लागणारा पैसा शेतीतून काढायचा ठरला. १९५३ पासून धान्याची खरेदी-विक्री सरकारने आपल्या हाती घेतली. शेतकऱ्याकडून पडत्या भावाने धान्य घ्यायचे आणि शहरातल्या कामगाराला ते स्वस्तात पुरवायचे, असे ते गणित होते. शेतकरी उठून शहरात आला की ते कोलमडणार, हे उघड होते. म्हणून ९ जानेवारी १९५८ रोजी नोंदणीचा कायदा आला. शहरात राहायला जायचे तर तिथल्या कामगार खात्याचे नेमणूकपत्र, शाळेचे प्रवेशपत्र किंवा शहराच्या नोंदणी कार्यालयाची परवानगी हाती असणे सक्तीचे झाले. १९७५च्या राज्यघटनेतून स्थलांतराचे स्वातंत्र्य गाळले गेले. ते कलम आजही परतलेले नाही.

नोंदीचे दोन वर्ग होते, शेतकी आणि बिगरशेतकी. वर्ग जन्माने मिळे, आणि १९९८ पर्यंत तो आईकडूनच येई. बाप शहरातल्या कारखान्यात नोकरीला आणि आई गावाकडची असेल तर मूल शेतकीच राही. कायद्यापेक्षाही माणसाला जागी जखडून ठेवले ते धान्याच्या कुपनांनी. खानावळीत वाटीभर शेवया घ्यायच्या तरी पैशांबरोबर कुपन द्यावे लागे. एका प्रांताचे कुपन दुसऱ्या प्रांतात चालत नसे. प्रवासाला निघणाऱ्याला देशभर चालणारी वेगळी कुपने मिळवावी लागत, आणि ती शेतकरी कुटुंबाला सहजी मिळत नसत. पहारेकरी न नेमताही गावाबाहेरची वाट अशी बंद झाली.

या विभागणीची सर्वांत मोठी किंमत १९५९ ते १९६१ या दुष्काळात गावांनी मोजली. झटपट औद्योगिकीकरणासाठी काढलेल्या ‘मोठी झेप’ या मोहिमेने शेतीची वाताहत झाली. शहरांचा शिधा घटला तरी चालू राहिला. गावांतून मात्र धान्य उचलले जात होते आणि तिथली माणसे बाहेर पडू शकत नव्हती. मृतांची संख्या कोटींत आहे आणि त्यांत बहुसंख्य ग्रामीण होते. दुष्काळानंतर शहरांवरचा भार हलका करण्यासाठी सुमारे दोन कोटी लोकांना गावी धाडण्यात आले. पुढे सांस्कृतिक क्रांतीच्या काळात सुमारे १.७ कोटी शहरी तरुणांना खेड्यांत पाठवले, तेव्हा त्यांची शहरातली नोंदही गेली. आजचे राष्ट्राध्यक्ष शी चिनफिंग त्यांच्यापैकीच एक. १९६९ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, ते शान्शी प्रांतातल्या ल्यांगच्याहे गावी गेले आणि सहा-सात वर्षे तिथेच राहिले.

हात हवेत, माणूस नको

१९७८ मध्ये चीनच्या लोकसंख्येपैकी जेमतेम १८ टक्के लोक शहरांत राहत होते. कम्यून, म्हणजे सामूहिक शेतीच्या संस्था, मोडून शेती पुन्हा कुटुंबांकडे आली, तेव्हा इतक्या हातांची शेताला गरज नाही हे ध्यानात आले. १९८० मध्ये हाँगकाँगच्या वेशीवर शेन्झेनचे विशेष आर्थिक क्षेत्र उघडले. १९८४ मध्ये शेतकऱ्यांना लहान गावठाणवजा शहरांत राहण्याची मुभा मिळाली, पण अट अशी की खायचे धान्य आपले आपण आणायचे. पुढच्याच वर्षी तात्पुरत्या वास्तव्याचे परवाने सुरू झाले आणि १९९३ मध्ये धान्यकुपने संपली. बंधारा तिथे फुटला. सिचुआन, हुनान, आन्ह्वेई, हनान या प्रांतांतून तरुण-तरुणी शेन्झेन ज्यात आहे त्या ग्वांगदोंग प्रांताकडे निघाले. खेळणी, कपडे, बूट आणि पुढे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कारखान्यांत ते लागले. मुक्काम कारखान्याच्याच वसतिगृहात, एका खोलीत दुमजली खाटांवर आठ ते बारा जण. चिनी भाषेत या कामगारांना ‘नोंगमिनगोंग’, म्हणजे शेतकरी-मजूर म्हणतात. पंचवीस वर्षे यंत्रावर काढली तरी नावातला शेतकरी जात नाही. ११ डिसेंबर २००१ रोजी चीन जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला आणि त्यांची गरज कैक पटींनी वाढली.

चीनच्या निर्यातीच्या यशाचे श्रेय नुसत्या स्वस्त मजुरीला देणे अपुरे आहे. बंदरे, रस्ते, वीज आणि सुट्या भागांचे जवळपास वसलेले पुरवठादार यांचा वाटा मोठा आहेच. पण मजुरी स्वस्त का राहिली, याचे उत्तर हुकोऊकडे जाते. कामगार तरुण आणि धडधाकट असताना शहरात येई. त्याला लहानाचा मोठा केला गावाने, त्याची मुले सांभाळली गावाने आणि म्हातारपणी त्याला परतायचेही गावालाच होते. शहराने आणि कारखान्याने फक्त उमेदीच्या वर्षांचा पगार दिला. जगभरच्या दुकानांतल्या स्वस्त मालाच्या किमतीत हा गावांनी सोसलेला खर्च कधीच धरला गेला नाही.

परवाना जवळ नसेल तर पोलीस अशा माणसाला धरून ठेवत आणि गावी पाठवत. मार्च २००३ मध्ये ग्वांगझोऊ शहरात सुन चकांग या हुपेई प्रांतातल्या २७ वर्षांच्या तरुणाला असेच धरले. तो पदवीधर होता आणि एका कपडे कंपनीत डिझायनर म्हणून नोकरी करत होता. तीन दिवसांत कोठडीच्या इस्पितळात मारहाणीने त्याचा मृत्यू झाला. स्थानिक वृत्तपत्राने ते छापले, देशभर संताप उसळला, तीन तरुण कायदेतज्ज्ञांनी राष्ट्रीय लोक काँग्रेसला, म्हणजे चीनच्या संसदेला, पत्र लिहून या नियमाची घटनात्मकता तपासण्याची मागणी केली. त्याच वर्षी जूनमध्ये सरकारने ‘ताबा आणि पाठवणी’ ही पद्धत रद्द केली. लोकमताने चिनी सरकारला मागे सरायला लावल्याच्या मोजक्या घटनांत ही मोडते.

मुले

हुकोऊचा सर्वांत खोल घाव मुलांवर आहे. २००१ पासून केंद्राचे धोरण असे की स्थलांतरितांच्या मुलांची सोय ती राहतात त्या शहराने, मुख्यतः सरकारी शाळांत करावी. प्रत्यक्षात मोठी शहरे कागद मागतात. घरभाड्याचा करार, पालकांच्या नोकरीचा दाखला, विमा भरल्याच्या नोंदी, वास्तव्याचा परवाना. भाजी विकणाऱ्या किंवा बांधकामावरच्या जोडप्याकडे यातले निम्मेही नसतात. शिवाय ‘गावकाव’ ही विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा साधारणपणे नोंदीच्या प्रांतातच द्यावी लागते. प्रांताप्रांताचे अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका वेगळ्या असू शकतात, जागांचा कोटाही वेगळा. बीजिंगची नोंद असलेल्या मुलाला पेकिंग किंवा छिंगह्वा या अव्वल विद्यापीठांत जागा मिळण्याची शक्यता हनानसारख्या मोठ्या प्रांतातल्या मुलापेक्षा कित्येक पटींनी जास्त असते. म्हणून बीजिंगमध्ये जन्मलेली, तिथलीच बोली बोलणारी मुले तेरा-चौदाव्या वर्षी, कधी सुट्टीतच पाहिलेल्या गावी आजी-आजोबांकडे पाठवली जातात.

जी मुले पहिल्यापासून गावीच राहिली त्यांना ‘मागे राहिलेली मुले’ म्हणतात. २०१०च्या जनगणनेच्या आधारे अखिल चीन महिला महासंघाने त्यांची संख्या ६.१ कोटी काढली. २०१६ मध्ये व्याख्या आवळून आई-बाप दोघेही बाहेर असलेलीच मुले मोजली, तेव्हा आकडा ९० लाखांवर आला. मुलांची परिस्थिती मात्र नव्या व्याख्येने बदलली नव्हती. नोव्हेंबर २०१२ मध्ये ग्वेइझोऊ प्रांतातल्या बीज्ये शहरात थंडीपासून बचावासाठी कचरापेटीत शिरून शेकोटी पेटवलेली पाच मुले कार्बन मोनॉक्साइडने गुदमरून मरण पावली. ती सगळी एकाच विस्तारित कुटुंबातली होती. देश त्या बातमीने हादरला, काही अधिकारी निलंबित झाले.

वर्षातून एकदा ही कुटुंबे एकत्र येतात. चिनी नववर्षाच्या आगेमागे चाळीस दिवस चालणाऱ्या या प्रवासाला ‘छुनयुन’ म्हणतात आणि माणसांचे एवढे मोठे वार्षिक स्थलांतर जगात दुसरे नाही. २०२५ मध्ये या काळात एकट्या रेल्वेने ५० कोटींहून अधिक प्रवासी-फेऱ्या झाल्या. पूर्वी उभ्याचे तिकीट काढून, विणलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या पायांत धरून माणसे तीस-तीस तास प्रवास करत. आता वेगवान गाड्या आहेत, तिकीट फोनवर निघते. जानेवारी २००८ मधल्या हिमवृष्टीत गाड्या बंद पडल्या तेव्हा ग्वांगझोऊ स्थानकाबाहेर लाखो माणसे दिवसचे दिवस पावसात तिष्ठत उभी होती.

जगावरचा परिणाम

२०२०च्या जनगणनेत ६३.८९ टक्के चिनी शहरांत राहत होते, पण शहराची नोंद फक्त ४५.४ टक्क्यांकडे होती. या दोन आकड्यांमधल्या दरीत सुमारे २६ कोटी माणसे राहतात. शेन्झेनच्या पावणेदोन कोटी रहिवाशांपैकी जवळपास दोन तृतीयांशांकडे शेन्झेनची नोंद नव्हती. आजारपण, मुलांचे शिक्षण आणि म्हातारपण यांची हमी नसलेला माणूस पैसे साठवतो. चीनमध्ये घरगुती खर्चाचा राष्ट्रीय उत्पन्नातला वाटा चाळीस टक्क्यांच्या आत राहिला आहे; भारतात तो साठच्या आसपास आहे. हुकोऊ हे त्याचे एकमेव कारण नव्हे, पण अनेक अर्थतज्ज्ञ ते महत्त्वाचे कारण मानतात. देशात न खपलेला माल बाहेर जातो. २०२४ मध्ये चीनचे व्यापारी आधिक्य एक लाख कोटी डॉलरच्या जवळ पोहोचले. अमेरिका आणि युरोपशी आयातशुल्कावरून पेटलेल्या भांडणांची एक मुळी थेट या नोंदवहीपर्यंत जाते.

सुधारणा

जुलै २०१४ मध्ये शेतकी-बिगरशेतकी हा भेद कागदोपत्री मिटवण्याचा निर्णय झाला. २०१६ पासून देशभर वास्तव्य परवाना लागू झाला. नोंदच नसलेल्या सुमारे १.३ कोटी लोकांना, ज्यांत बहुतेक जण एक मूल धोरण मोडून जन्मलेले होते, नोंद देण्याचे ठरले. २०१९ मध्ये तीस लाखांपर्यंत लोकवस्तीच्या शहरांना नोंदीवरची बंधने उठवायला सांगितले. लहान शहरांची दारे त्यामुळे खरोखरच उघडली, पण तिथे नोकऱ्या तुटपुंज्या. जिथे सगळ्यांना जायचे असते ती बीजिंग आणि शांघाय अजून कडेकोट आहेत. बीजिंगने २०१८ मध्ये शिक्षण, नोकरीची वर्षे, घर, कर यांना गुण देणारी पद्धत सुरू केली. पहिल्या वर्षी नोंद मिळाली सुमारे ६,००० जणांना. त्याच्या आदल्याच नोव्हेंबरात शहराच्या दाशिंग भागात स्थलांतरितांच्या इमारतीला आग लागून १९ जण दगावले. प्रशासनाने सुरक्षेचे कारण देत अशा वस्त्या कडाक्याच्या थंडीत काही दिवसांत रिकाम्या करवल्या.

गावाकडच्या नोंदीलाही आता किंमत आली आहे. तिच्यासोबत शेताचा कसण्याचा हक्क आणि घरबांधणीची जागा मिळते. जमीन गावसमूहाच्या मालकीची असल्याने ती खुल्या बाजारात विकता येत नाही. म्हणून लहान शहराची नोंद देऊ केली तरी कित्येक जण घेत नाहीत. पडत्या काळात गावी चार भिंती आणि थोडी जमीन असावी, हा त्यांचा हिशेब बरोबरच आहे.

रोजच्या जगण्यात पुस्तिकेचा दरारा थोडा ओसरला आहे. विवाहनोंदणीला ती लागे, त्यामुळे न पटणारे लग्न अडवायला आई-बाप ती कुलपात ठेवत आणि मुले ती चोरून नेत. १० मे २०२५ पासून लग्नासाठी ओळखपत्र पुरते. जुलै २०२४ मध्ये सरकारने पाच वर्षांत शहरी लोकसंख्या सुमारे ७० टक्क्यांवर नेण्याची योजना जाहीर केली. तीत आरोग्य, शिक्षण आणि निवारा नोंदीपेक्षा वास्तव्याला जोडण्यावर भर आहे. तोवर पहिल्या लाटेत शहरात आलेले कामगार म्हातारे झाले आहेत. शेतकरी-मजुरांपैकी ३० टक्क्यांहून अधिक आज पन्नाशीपुढचे आहेत, आणि अनेक शहरांनी साठीपुढच्यांना बांधकामावर घेण्यास मनाई केली आहे. शहरी नोकरदाराला सरासरी तीन हजार युआनच्या वर मासिक निवृत्तिवेतन मिळते. ग्रामीण योजनेतली किमान मूळ रक्कम २०२५ मध्ये वाढवून १४३ युआन करण्यात आली.