रक्तगटांच्या जनुकांची वारंवारता

एखाद्या लोकसमूहात रक्तगट ठरवणाऱ्या जनुकाचे प्रत्येक रूप (अ‍ॅलील) किती प्रमाणात आहे आणि त्या रूपांच्या जोड्या (जीनोटाइप) किती जणांत आहेत, हे काढण्याचे गणित. नेहमीच्या रक्ततपासणीत फक्त गट कळतो. ‘ए’ गटाच्या माणसात ए-ए जोडी आहे की ए-ओ, हे त्यातून दिसत नाही. सगळी आकडेमोड या न दिसणाऱ्या भागासाठी आहे.

जिथे काही लपलेले नसते तिथे नुसती मोजणी पुरते. लँडस्टायनर आणि लेव्हिन यांनी १९२७ मध्ये शोधलेला एमएन गट असा आहे. त्यात एम आणि एन दोन्ही सहप्रभावी (एकत्र असताना दोन्हींचा परिणाम दिसणारी) असल्याने तिन्ही जोड्या वेगळ्या ओळखू येतात. २०० जणांत एमएम ६०, एमएन १०० आणि एनएन ४० निघाले, तर एकूण जनुके ४००. त्यांतली एम रूपे १२० + १०० = २२०, म्हणून वारंवारता ०.५५, एनची ०.४५. भागाकार ४०० ने करायचा, २०० ने नव्हे. नवशिके हमखास चुकतात ते इथेच.

आरएचमध्ये प्रभावी रूप अप्रभावी रूपाला झाकते. इथे १९०८ मध्ये हार्डी आणि वाइनबर्ग यांनी स्वतंत्रपणे मांडलेला नियम कामी येतो: जोडीदाराची निवड रक्तगट न पाहता होत असेल आणि स्थलांतर, नैसर्गिक निवड वगैरेंचा हस्तक्षेप नसेल, तर दोन रूपांच्या वारंवारता क आणि ख धरल्यास जोड्यांचे प्रमाण क², २कख, ख² असे राहते. आरएच निगेटिव्ह (दोन्ही रूपे अप्रभावी असलेले) ९ टक्के असतील, तर अप्रभावी रूपाची वारंवारता ०.०९ चे वर्गमूळ, म्हणजे ०.३. मग ते रूप लपवून बाळगणारे पॉझिटिव्ह लोक २ × ०.७ × ०.३, म्हणजे एकूण समूहाच्या ४२ टक्के. मात्र नियम गृहीत धरूनच उत्तर काढले असल्याने याच आकड्यांवरून ‘समूह नियमाप्रमाणे आहे’ असे म्हणता येत नाही.

एबीओचे गणित जास्त रंजक आहे. १९१० मध्ये फॉन डुंगर्न आणि हिर्शफेल्ड यांनी हे गट आनुवंशिक असल्याचे दाखवले, पण ए आणि बी यांसाठी दोन स्वतंत्र जनुके मानली. १९२४ मध्ये फेलिक्स बर्नस्टाइन या गणितज्ञाने निव्वळ लोकसंख्येच्या आकड्यांवरून ते खोडून काढले. कल्पित १,००० जणांचा नमुना घेऊ: ए २४०, बी ३२०, एबी ८५, ओ ३५५. दोन स्वतंत्र जनुके असती तर ए असणाऱ्यांचे (ए आणि एबी गट मिळून) प्रमाण (०.३२५) गुणिले बी असणाऱ्यांचे (०.४०५), म्हणजे एबी सुमारे १३२ जण हवे होते. आहेत ८५. इतकी तूट योगायोगाने पडत नाही.

बर्नस्टाइनच्या मते जनुक एकच, रूपे तीन. ए, बी, ओ यांच्या वारंवारता क, ख, ग मानू; त्यांची बेरीज १. ओ गट म्हणजे ग², म्हणून ग = √०.३५५ = ०.५९६. बी आणि ओ गट मिळून (ख + ग)² होतात, म्हणून क = १ − √०.६७५ = ०.१७८. तसेच ख = १ − √०.५९५ = ०.२२९. बेरीज १.००३ येते, नेमकी १ नाही. खऱ्या नमुन्यात ती क्वचितच जुळते. बर्नस्टाइनने त्यासाठी दुरुस्तीची सूत्रेही दिली. ती लावल्यावर ०.१७८, ०.२२८ आणि ०.५९४ मिळतात. आता संगणकावर कमाल संभाव्यतेची पद्धत (हाती आलेले आकडे सर्वाधिक संभाव्य ठरवणाऱ्या वारंवारता शोधणारी) वापरतात, तरी हाताने करायला ही वाट सोपी.

यावरून अपेक्षित जोड्या: ए-ए ३२, ए-ओ २११, बी-बी ५२, बी-ओ २७१, ए-बी ८१, ओ-ओ ३५३. म्हणजे ‘ए’ गटाच्या दर आठ जणांत जवळपास सात जण ओ रूप बाळगून आहेत. गट चार, त्यांची बेरीज ठरलेली आणि काढलेल्या स्वतंत्र वारंवारता दोनच, म्हणून इथे पडताळणीला एक मोकळा अंश (४ − १ − २) उरतो. काय-वर्ग (प्रत्यक्ष आणि अपेक्षित आकड्यांतल्या तफावतीचे माप) सुमारे ०.२६ येतो, ५ टक्के पातळीची मर्यादा ३.८४ असल्याने मेळ उत्तम बसला.

१९५२ मध्ये भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेल्या ‘बॉम्बे’ गटात एच प्रतिजनच (ज्यावर ए आणि बी प्रतिजने तयार होतात तो पाया) नसते, त्यामुळे ए किंवा बी रूप असूनही नेहमीच्या तपासणीत माणूस ‘ओ’ ठरतो. तो दुर्मिळ असल्याने एकूण उत्तर फारसे हलत नाही. नमुन्याची निवड मात्र उत्तर बिघडवू शकते. एका समूहात एन ०.२ आणि दुसऱ्यात ०.८ असेल, तर प्रत्येकात एमएन ३२ टक्के असतात. दोन्ही समसमान एकत्र करून मोजले की एन ०.५ येतो आणि नियमाप्रमाणे एमएन ५० टक्के हवेत. प्रत्यक्षात ते ३२ टक्केच भरतात. मिश्र जोड्यांच्या या तुटीला वालुंड परिणाम म्हणतात.