पार्श्वभूमी : ‘प्रवर्तक’ या शब्दाआड दडलेली मालकी

शेअर बाजारात सूचिबद्ध भारतीय कंपनीच्या कामगिरीविषयी बोलताना प्रवर्तकांचा, म्हणजे ती उभी करणाऱ्या व चालवणाऱ्या मंडळींचा, हिस्सा किती टक्के आहे, हा प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो. परंतु हिस्सा आणि नियंत्रण यांत अंतर किती आहे, हा खरा प्रश्न त्या आकड्यातून सुटत नाही.

हे अंतर जुने आहे. मुंबईच्या सुरुवातीच्या कापडगिरण्यांत मॅनेजिंग एजंटाला, म्हणजे कराराने गिरणीचा कारभार पाहणाऱ्या पेढीला, कमिशन मिळे ते नफ्यावर नव्हे, तर उत्पादनावर, दर रत्तलामागे (पौंडामागे) पाव आणा या हिशेबाने. सूत विकले गेले नाही तरी एजंटाची कमाई ठरलेली असे आणि तोटा भागधारकांच्या पदरी पडे. ही पद्धती 1970 मध्ये कायद्याने बंद झाली, पण थोड्या भांडवलावर पूर्ण ताबा ठेवण्याची सवय गेली नाही. पुढील दोन दशके सरकारी वित्तसंस्थांकडे अनेक कंपन्यांचे मोठे हिस्से होते. तरीही त्या बहुधा सत्तेवरील व्यवस्थापनाच्याच पाठीशी उभ्या राहिल्या.

भांडवल उभारणीवरील सरकारी नियंत्रण 1992 मध्ये उठले आणि समभागांची किंमत ठरवण्याची मोकळीक मिळाली. तिचा पहिला लाभ अनेक परदेशी पालक कंपन्यांनी उठवला. भारतीय उपकंपन्यांतील आपला हिस्सा 51 टक्क्यांपर्यंत नेण्यासाठी त्यांनी बाजारभावाच्या कितीतरी खाली स्वतःलाच समभाग देववले. 1994 मध्ये किमतीचे नियम आले, तोवर लहान भागधारकांचे व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते.

खरा गुंता ‘प्रवर्तक’ या संज्ञेचाच आहे. मूळ अर्थाने प्रवर्तक म्हणजे कंपनीची स्थापना करणारा; कंपनी उभी राहिली की त्याची ही भूमिका संपते. आपल्याकडे मात्र ती कायमची ओळख झाली, आणि नातेवाईक व त्यांच्या कंपन्या ‘प्रवर्तक गटा’त मोजल्या जाऊ लागल्या. 2013 च्या कंपनी कायद्याने माहितीपत्रकात किंवा वार्षिक विवरणात प्रवर्तक म्हणून नाव असलेला, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष नियंत्रण असलेला, आणि ज्याच्या सल्ल्याने संचालक मंडळ वागत आले आहे असा, या तिन्ही प्रकारच्या व्यक्तींना एकाच व्याख्येत बसवले. त्यामुळे ज्याची फक्त नोंद आहे तो आणि ज्याच्या हाती सूत्रे आहेत तो, दोघांना एकच नाव मिळाले. एखाद्या कुटुंबाकडे वरच्या कंपनीचे 51 टक्के आणि त्या कंपनीकडे खालच्या कंपनीचे 51 टक्के समभाग असतील, तर खालच्या कंपनीत कुटुंबाचा आर्थिक वाटा जेमतेम 26 टक्के असतो, पण ताबा पूर्ण असतो. तिथून शंभर रुपये कुटुंबाच्या खासगी कंपनीकडे वळले, तर कुटुंबाचे 26 रुपये जातात आणि शंभर येतात. कंपनीच्या कामगिरीला खरी गळती लागते ती इथे.

16 डिसेंबर 2008 रोजी हैदराबादच्या एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या संचालक मंडळाने प्रवर्तक कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्या सुमारे 1.6 अब्ज डॉलरना विकत घेण्याचा निर्णय घेतला. प्रवर्तकांचा हिस्सा तेव्हा दहा टक्क्यांहूनही कमी होता. गुंतवणूकदार संतापले आणि काही तासांतच निर्णय मागे घ्यावा लागला. जानेवारी 2009 मध्ये खोट्या हिशेबांची कबुली आली. प्रवर्तकांनी गहाण ठेवलेल्या समभागांची माहिती जाहीर करणे त्याच महिन्यात सक्तीचे झाले.

त्यानंतर 2010 मध्ये किमान 25 टक्के हिस्सा जनतेकडे असावा, असा दंडक आला. हेतू रास्त असला तरी त्याने हिश्शाचे प्रमाण बदलले, हिस्सा आणि नियंत्रण यांतील अंतर नव्हे. 2019 च्या अर्थसंकल्पात ही मर्यादा 35 टक्क्यांवर नेण्याचा विचार मांडला गेला. तो अमलात आला नाही. संबंधित पक्षांशी, म्हणजे प्रवर्तकांचे नातेवाईक वा त्यांच्या कंपन्या यांसारख्यांशी, होणाऱ्या व्यवहारांच्या ठरावावर हितसंबंध असलेल्या भागधारकाला मत देता येऊ नये, ही 2013 च्या कायद्यातील तरतूद त्या मानाने अधिक मोलाची आहे, कारण ती थेट शंभर आणि 26 रुपयांमधील तफावतीवर बोट ठेवते. ऑगस्ट 2021 मध्ये सेबी या शेअर बाजाराच्या नियामकाने ‘प्रवर्तक’ ही संकल्पना सोडून ‘नियंत्रण असलेली व्यक्ती’ या संकल्पनेकडे वळण्यास तत्त्वतः मान्यता दिली.