मज्जारज्जू नेमका कुठे संपतो?

शाळेच्या पुस्तकातली मज्जासंस्थेची आकृती आठवा. वर मेंदू आणि त्यातून निघून थेट माकडहाडापर्यंत गेलेला मज्जारज्जू. ही आकृती मनात इतकी घट्ट बसलेली असते की कमरेत सुई टोचून पाणी काढायचं म्हटलं, की सुई मज्जारज्जूत घुसणार आणि माणूस कायमचा अधू होणार, अशी धास्ती भले शिकलेले लोकही घेतात. पण ती सुई जिथे टोचतात, तिथे मज्जारज्जू नसतोच. प्रौढ माणसाचा कणा साधारण ७० सेंटिमीटर लांब असतो आणि मज्जारज्जू जेमतेम ४२ ते ४५.

मग तो संपतो कुठे? कमरेच्या पाच मणक्यांपैकी पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधल्या चकतीपाशी, हे परीक्षेत गुण मिळवून देणारं उत्तर. पण ती झाली ढोबळ सरासरी. १९९८ साली ५०४ प्रौढांचे एमआरआय तपासले गेले, तेव्हा मज्जारज्जूचं टोक सरासरीने पहिल्या मणक्याच्या खालच्या भागाशी निघालं. मात्र कुणाचं टोक छातीच्या शेवटच्या, म्हणजे बाराव्या मणक्याच्या मध्यावरच होतं, तर कुणाचं कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या वरच्या भागापर्यंत उतरलेलं. दोन टोकांत जवळजवळ तीन मणक्यांचा फरक, आणि माणसं सगळी नॉर्मल!

हा फरक का पडतो, हे कळायला गर्भात डोकवावं लागतं. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास मज्जारज्जू कण्याच्या नळीत पार खालपर्यंत भरलेला असतो. प्रत्येक नस आपल्या समोरच्याच फटीतून सरळ आडवी बाहेर पडते. त्यानंतर कणा झपाट्याने वाढू लागतो आणि मज्जारज्जू त्या वेगाने वाढत नाही. वरून तो मेंदूला जोडलेला, त्यामुळे मागे पडतो तो खालून. चोविसाव्या आठवड्यात टोक त्रिकास्थीच्या, म्हणजे कमरेखालच्या जुळलेल्या मणक्यांच्या हाडाच्या, पहिल्या मणक्याशी असतं, जन्माच्या वेळी कमरेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्याशी, आणि पुढच्या दोनेक महिन्यांत बहुतेकांमध्ये प्रौढांइतकं वर आलेलं दिसतं. मज्जारज्जू ‘वर सरकतो’ असं सर्रास लिहिलं जातं. सरकत काहीच नाही, त्याच्याखालचा कणा लांब होत जातो. नसांची मात्र यात ओढाताण होते. बाहेर पडायची फट ठरलेली आणि ती दूर चाललेली, म्हणून कमरेच्या व त्रिकास्थीच्या नसा नळीतल्या नळीत लांबच लांब खाली उतरतात. टोकाखाली त्यांचा जो झुबका तयार होतो, तो घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो.

पण हे झालं अर्धंच. मज्जारज्जूचा अगदी खालचा तुकडा तयारच वेगळ्या पद्धतीने होतो. वरच्या भागात पेशींचा सपाट पट्टा दुमडून नळी बनते. खाली मात्र आधी पेशींचा भरीव गोळा तयार होतो, तो आतून पोकळ होतो आणि मग वरच्या नळीला जोडला जातो. गर्भाची शेपटी विरते, तसा या तुकड्याचाही बराचसा भाग पेशी मरून आक्रसतो. उरतो सुमारे २० सेंटिमीटरचा बारीक धागा, जो माकडहाडाला जाऊन चिकटतो. माकडहाड दाबून ‘मज्जारज्जू जागृत’ करून देणारे व्हिडिओ पाहिलेत ना? तिथे जागं होण्यासारखं काही नाही, हा धागा मुख्यतः संयोजी ऊतींचा, म्हणजे अवयवांना नुसता बांधून धरणाऱ्या ऊतींचा आहे.

आक्रसणं कुठे थांबलं आणि कणा मज्जारज्जूच्या तुलनेत किती वाढला, या दोन्हींत माणसागणिक थोडा फरक असतो. त्यात मोजदादीचा घोळ वेगळाच. काहींचा कमरेचा पाचवा मणका त्रिकास्थीला जुळलेला असतो, तर काहींच्या त्रिकास्थीचा पहिला मणका सुटा असतो. मग खालून मोजत गेलं तर आकडाच चुकतो.

पाणी काढायला किंवा कमरेखाली भूल द्यायला सुई टोचताना हे सगळं आडवं येतं. दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांचे माथे जोडणारी रेषा साधारण चौथ्या मणक्यावरून जाते. त्या अंदाजाने भूलतज्ज्ञ तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली फट बोटांनी चाचपतात. तिथे नसा द्रवात तरंगत असतात, सुई आली तर बहुधा बाजूला होतात. मज्जारज्जूला तशी मुभा नाही. २००० साली एका अभ्यासात भूलतज्ज्ञांनी ओळखलेली फट एमआरआयशी ताडून पाहिली, तर जेमतेम २९ टक्के वेळा ती बरोबर निघाली. चूक झाली ती बहुतेकदा वरच्या बाजूला, म्हणजे नेमकी नको त्या दिशेला. ज्याचं टोक मुळातच खाली आहे, त्याला हे महागात पडू शकतं. अशी इजा विरळाच, पण तिची नोंद झालेली आहे. आता सोनोग्राफीने त्रिकास्थीपासून वर मणके मोजत जाता येतात. तान्ह्या बाळात तर आणखी खालचीच फट निवडतात.

आणि एमआरआयच्या अहवालात ‘टोक खाली आहे’ एवढं वाचून घाबरू नये. दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यांमधल्या चकतीच्या खाली टोक असेल, तर मज्जारज्जू खालून जखडला गेलाय का, हे डॉक्टर पाहतात. तो शेवटचा धागा २ मिलिमीटरपेक्षा जाड आहे का, त्यात चरबी आहे का, पायांतली ताकद कमी होतेय का, लघवीवरचा ताबा सुटतोय का, हे सगळं एकत्र धरूनच धागा कापायची शस्त्रक्रिया करायची की नाही ते ठरतं.