नाशिकच्या वहीतले नारळ

नाशिकच्या कुठल्याही शाळेत चौथीच्या वर्गाला ‘निसर्गचित्र काढा’ म्हणून सांगा. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, कौलारू झोपडी आणि शेजारी हटकून नारळ! आपल्याकडचे डोंगर लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेले. अंजनेरीचा माथा बघा, चांगला सपाट आहे. (पांडवलेण्यांचा डोंगर तेवढा खरंच त्रिकोणी दिसतो, त्याला माफ.) गावाबाहेर द्राक्षबागा आणि कागदावर कोकण, हे कसं?

अमेरिकेतले कलाशिक्षणाचे अभ्यासक ब्रेंट आणि मार्जोरी विल्सन यांनी १९७७ मध्ये याचं उत्तर मांडलं. मुलं चित्र शिकतात ती मुख्यतः दुसऱ्यांच्या चित्रांवरून : कॉमिक्स, टीव्ही, शेजारच्या बाकावरची वही. डोंगराकडे बघून डोंगर काढणारं मूल विरळाच.

लहान मुलांची गोष्ट थोडी वेगळी. ती दिसतं ते नव्हे, माहीत असतं ते काढतात. १९७२ च्या एका प्रयोगात कपाचा कान मागे वळवून, दिसणार नाही असा ठेवला होता. साधारण आठ वर्षांखालच्या मुलांनी तरी तो काढलाच. कान नाही तर कप कसला? याच हिशेबानं रामकुंड वरून पाहिल्यासारखं चौकोनी येतं आणि काठावरची माणसं चारी दिशांना आडवी झालेली असतात. ही चूक म्हणून खोडणाऱ्या मोठ्यांचा मला राग येतो.

‘माहीत असतं’ त्यात समाजही आलाच. ‘शास्त्रज्ञ काढा’ असं सांगून डेव्हिड चेंबर्स यांनी जमवलेली ४,८०७ मुलांची चित्रं १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत स्त्रिया फक्त २८, आणि त्याही सगळ्या मुलींनी काढलेल्या. अमेरिकेतल्या पाच दशकांच्या अशा चित्रांचा आढावा २०१८ मध्ये आला. १९८५ नंतरच्या चित्रांत स्त्रियांचं प्रमाण सरासरी २८ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. पण सहा वर्षांच्या मुली बहुतेक बाईच काढत, तर सोळाव्या वर्षी त्यांचाही शास्त्रज्ञ बहुधा पुरुष झालेला असे.

एवढं चित्रांतून कळतं, तेही पुष्कळ चित्रं एकत्र पाहिली तर. एकाच चित्रावरून मुलाच्या मनाचं निदान करायला मात्र भक्कम आधार नाही. काळा रंग फार वापरला म्हणून पालक घाबरतात. आधी खडूच्या पेटीत बाकीचे रंग उरलेत का, ते बघावं.